वृद्धांचा स्मृतिभ्रंश आणि व्यायाम : अपेक्षा व वास्तव

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



सरत्या वर्षाचा जमाखर्च कोषाध्यक्षांनी आपणांसमोर सविस्तर मांडलाच आहे. त्याची पुनरुक्ती न करता, मंडळापुढे निर्णयार्थ आलेल्या एका विषयाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. विषय वैद्यकीय आहे आणि मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि निर्णय घ्यावयाचा आहे तो देणगीच्या विनियोगाचा, आणि देणगीदाराने विश्वासाने दिलेल्या प्रत्येक रुपयाचे काय झाले याचा जाब देणे हे माझे कर्तव्य आहे. म्हणून आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी समजावून दिलेले व मी स्वतः वाचून पाहिलेले आपणांपुढे ठेवतो.

आपल्या एका जुन्या देणगीदार कुटुंबाने दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी रुग्णालयात सुसज्ज व्यायामशाळा उभारून देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. चालण्याचे यंत्र, जागच्या जागी चालवावयाची सायकल, वजने, वातानुकूलित दालन आणि दारावर वडिलांच्या नावाची पाटी, असा तो प्रस्ताव आहे. त्यामागील भावनेपुढे आपण सर्वांनी नतमस्तक व्हावे. प्रस्तावासोबत माहितीपत्रकाचा एक मसुदाही आला असून त्याचे शीर्षक ‘व्यायाम करा, हरवलेली स्मृती परत मिळवा’ असे आहे. हे वाक्य आपल्या संस्थेच्या नावाखाली छापता येईल काय, आणि ही देणगी कशावर खर्च केल्यास रुग्णाचे सर्वाधिक हित होईल, या दोन प्रश्नांचा अभ्यास करण्याची आज्ञा मंडळाने मला केली होती.

प्रथम या आजाराविषयी. ‘वय झाले की माणूस विसरायचाच’ असे आपण सहज म्हणतो. चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे हा वयाचा भाग असू शकतो. परंतु चष्मा हातात असताना तो कशासाठी असतो हे न कळणे हा आजार आहे. स्मृतिभ्रंश हे अनेक विकारांचे एकत्रित नाव असून त्यांपैकी अल्झायमरचा आजार सर्वांत अधिक आढळतो. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली ट्यूबिंगन येथील सभेत ज्या स्त्री-रुग्णाची माहिती प्रथम मांडली, ती 1901 साली फ्रँकफर्ट येथील रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी 51 वर्षांची होती. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारा स्मृतिभ्रंश येतो; रक्तदाब व मधुमेह यांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. आपल्या देशात 60 वर्षांवरील व्यक्तींमध्ये या आजाराचे प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीतून पुढे आला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आता व्यायामाविषयी. येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. आजार होण्यापूर्वी केलेला व्यायाम मेंदूचे रक्षण करतो काय, हा पहिला. आजार जडल्यानंतर केलेला व्यायाम गेलेले परत आणतो काय, हा दुसरा. या दोहोंची सरमिसळ झाली की वर सांगितल्यासारखी शीर्षके तयार होतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आशादायक आहे, मात्र ते सावधपणे दिले पाहिजे. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असते. परंतु शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो. हा पुरवठा रक्तवाहिन्यांतून होतो, आणि व्यायामाने हृदय व रक्तवाहिन्या सुस्थितीत राहतात, हे तर सर्वमान्य आहे. अमेरिकेत 120 निरोगी वृद्धांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, तर केवळ ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्यांत तो घटला. याउलट, 70 ते 89 वर्षे वयाच्या 1,635 व्यक्तींवर दोन वर्षे चाललेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी चाचणीत एकट्या व्यायामामुळे बुद्धीच्या कसोट्यांत काही फरक पडला नाही. त्याच वर्षी फिनलंडमधील 1,260 व्यक्तींच्या दोन वर्षांच्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. तेथे व्यायामाच्या जोडीला योग्य आहार, बुद्धीला चालना देणारे सराव आणि रक्तदाब, मधुमेह आदींवर देखरेख असा एकत्रित कार्यक्रम होता, आणि त्याचा लाभ दिसून आला.

‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने 2024 साली असा निर्वाळा दिला, की बदलता येण्याजोगे 14 धोके आयुष्यभरात दूर करता आले, तर जगातील स्मृतिभ्रंशाच्या सुमारे 45 टक्के घटना टाळता किंवा लांबविता येणे शक्य आहे. त्यांत शारीरिक निष्क्रियतेचा वाटा सुमारे 2 टक्के आहे. ऐकू कमी येणे व वाढलेले वाईट कोलेस्टेरॉल यांचा वाटा प्रत्येकी 7 टक्के आहे. म्हणजे श्रवणयंत्र नाकारणाऱ्या आजोबांना सकाळी फिरावयास पाठवून आपले कर्तव्य संपत नाही. चालणे हा एका मोठ्या शिस्तीचा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या मार्गदर्शनानुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम, आणि तीन दिवस तोल व ताकद वाढविणाऱ्या हालचाली कराव्यात. प्रकृती चांगली असणाऱ्या, येथे उपस्थित सर्व ज्येष्ठांना माझी ही नम्र सूचना आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अनेकांना निराश करील, आणि म्हणूनच ते स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या 494 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 329 जणांना चार महिने, आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली सायकल व वजनांचा बऱ्यापैकी जोरकस व्यायाम देण्यात आला. त्यांचा शारीरिक दम वाढला. स्मरणशक्ती व विचारशक्तीची घसरण मात्र थांबली नाही. बारा महिन्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांची बौद्धिक स्थिती नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा किंचित वाईटच आढळली. हा फरक लहान होता व त्याचे व्यवहारातील महत्त्व संशोधकांनाही अनिश्चित वाटले. पण दैनंदिन कामे किंवा पडण्याचे प्रमाण यांतही सुधारणा दिसली नाही. अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या 2015 सालच्या कॉक्रेन समीक्षेत 17 चाचण्या व 1,067 रुग्ण समाविष्ट होते. व्यायामाने बुद्धीला लाभ झाल्याचा स्पष्ट पुरावा तीतही आढळला नाही. दैनंदिन कामे करण्याची क्षमता मात्र टिकू शकते, असा आशेचा सूर तीत होता.

ही आशा कोठे फळाला आली, हे फिनलंडमधील आणखी एका चाचणीने दाखवून दिले. तिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. अल्झायमरचे 210 रुग्ण, सर्व आपापल्या घरी जोडीदारासह राहणारे. एका गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा एकेक तास, असे पूर्ण वर्षभर जात राहिले आणि त्या रुग्णाला जे जमत नव्हते त्याचाच सराव त्यांनी करून घेतला. दुसरा गट केंद्रात एकत्र जमून व्यायाम करी. तिसऱ्याला नेहमीचीच सेवा मिळाली. वर्षअखेर तिन्ही गटांतील रुग्णांची क्षमता घटलेलीच होती, कारण हा आजार पुढे जाणारा आहे. परंतु ज्यांच्या घरी फिजिओथेरपिस्ट गेले, त्यांची घसरण लक्षणीयरीत्या मंद होती, आणि व्यायामाच्या दोन्ही गटांत पडण्याचे प्रसंग कमी होते. माझ्यासारख्या हिशेब पाहणाऱ्या माणसाचे लक्ष ज्याकडे गेले ती बाब अशी, की फिजिओथेरपिस्टचा खर्च धरूनही आरोग्य व सामाजिक सेवांवरील एकूण खर्च वाढला नाही.

या दोन चाचण्यांच्या पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दिसू लागते. इंग्लंडमध्ये यंत्रे होती, जोर होता आणि मुदत चार महिन्यांची होती. फिनलंडमध्ये रुग्णाचे स्वतःचे घर होते, त्याच्या अडचणी होत्या आणि पूर्ण वर्ष होते. दोन देशांच्या दोन चाचण्यांवरून अंतिम निष्कर्ष काढू नये, हे मी जाणतो. परंतु देणगी एकदाच मिळावयाची असेल, तर ती कोणत्या बाजूने झुकवावी, याचा कौल मला त्यात दिसतो.

याला वैद्यकीय कारणही आहे. या आजारात नवे शिकण्याची व नवे लक्षात ठेवण्याची शक्ती आधी जाते. हातापायांना वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेल्या क्रियांची स्मृती मेंदूच्या वेगळ्या भागांत असते व ती पुष्कळ काळ टिकते. म्हणून अनोळखी दालनातील अनोळखी यंत्रावर चढणे हे रुग्णाला भयप्रद वाटू शकते. पण आपल्या ओट्याला धरून उभे राहणे, अंगणात फेरी मारणे, तुळशीला पाणी घालणे, कपड्यांच्या घड्या करणे, पोळपाटावर पोळी लाटणे, टाळ्यांच्या ठेक्यावर पाय उचलणे हे त्याचे शरीर ओळखते. ज्याला आपण व्यायाम म्हणतो, तो त्याच्या दृष्टीने चालू आयुष्याचा भाग होतो.

प्रशासक म्हणून मला जे दिसते तेही सांगतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आपल्या रुग्णालयात बहुधा स्मृतिभ्रंशासाठी दाखल होत नाही. तो रात्री बिछान्यातून उठून संडासाकडे जाताना पडतो, खुब्याचे हाड मोडते, आणि त्याची नोंद अस्थिरोग विभागात होते. समवयस्क निरोगी व्यक्तींच्या तुलनेत अशा रुग्णांच्या पडण्याचे प्रमाण दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असते. शस्त्रक्रियेनंतर त्याची मती अधिकच भ्रमिष्ट होते, तो सलाईनची नळी उपसतो, परिचारिकेला ओळखत नाही, आणि घरी परततो तो पुष्कळदा चालता न येण्याच्या अवस्थेत. बिलावर शस्त्रक्रिया, खाट, औषधे यांचे आकडे असतात. त्यानंतर नोकरी सोडून घरी बसलेली मुलगी किंवा कंबर धरून सासूबाईंना उचलणारी सून, ही कोणत्याच बिलावर नसते. स्वतः खुर्चीतून उठता येणे, स्वतः संडासला जाता येणे, या दोन गोष्टी आणखी एक-दोन वर्षे टिकल्या, तर त्या रुग्णाची प्रतिष्ठा आणि त्या घराचा संसार दोन्ही वाचतात. हे यश स्मृती परत येण्याइतके डोळ्यांत भरणारे नाही, पण ते आपल्या आवाक्यातले आहे.

म्हणून मंडळापुढे मी विनयपूर्वक तीन शिफारशी ठेवल्या आहेत.

पहिली अशी की, सदर देणगीतून यंत्रे न घेता तिचा कायम निधी करावा आणि त्याच्या व्याजातून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे वेतन द्यावे. एक फिजिओथेरपिस्ट दिवसाला पाच घरे, आठवड्यातून सहा दिवस, असे तीस भेटींचे काम करू शकेल. प्रत्येक रुग्णाकडे दोन भेटी धरल्या, तर एका वेळी पंधरा कुटुंबांना वर्षभर आधार मिळेल. पंधरा हा आकडा लहान वाटेल. परंतु त्या पंधरा घरांतील माणसे शिकली, की तीच शेजारच्या घराला शिकवतात. ज्यांना परवडते त्यांच्याकडून शुल्क घ्यावे, ज्यांना परवडत नाही त्यांना ही सेवा विनामूल्य मिळावी.

दुसरी शिफारस रुग्णालयाच्या आवारातील लहानशा बदलांची आहे : मार्गिकेच्या दोन्ही बाजूंस धरावयाचे कठडे, न घसरणाऱ्या लाद्या, संडासात आधाराचे दांडे, आणि रुग्ण व नातेवाईक यांना एकत्र फेऱ्या मारता येतील अशी सावलीची वाट. या वाटेवर दिवंगत वडिलांच्या नावाची पाटी अवश्य लावावी. वेतनावर पाटी लावता येत नाही, ही देणगीदारांची अडचण मी समजू शकतो. पण तो निधी त्यांच्या वडिलांच्याच नावाने ओळखला जाईल आणि दरवर्षीच्या अहवालात त्याचा हिशेब त्याच नावाखाली छापला जाईल.

तिसरी शिफारस माहितीपत्रकाविषयी. ‘हरवलेली स्मृती परत मिळवा’ हे शब्द आपण छापू नयेत. आपल्या दारात येणारी पत्नी किंवा मुलगा आधीच खचलेला असतो. त्याला आपण स्मृतीचे आश्वासन दिले, त्याने वर्षभर वडिलांना रोज चालविले, आणि तरीही एके दिवशी वडिलांनी त्याला ‘आपण कोण?’ असे विचारले, तर तो स्वतःलाच दोष देईल. आपणच कोठे कमी पडलो असे त्याला वाटेल. ज्या दुःखावर औषध नाही, त्यात अपराधाची भर घालण्याचा अधिकार धर्मादाय संस्थेला नाही. त्याऐवजी मी सुचविलेले वाक्य साधे आहे : ‘व्यायामाने हा आजार बरा होत नाही, पण चालणे, उठणे, बसणे अधिक काळ आपल्या हाती राहू शकते.’

रुग्णांच्या नातेवाईकांसाठी आमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या काही गोष्टी येथे नमूद करतो. व्यायाम सुरू करण्यापूर्वी हृदय, रक्तदाब, सांधे व दृष्टी यांची तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप लागणे असे काही झाल्यास तत्काळ थांबावे. वेळ रोज एकच ठेवावी. पुष्कळ रुग्णांना सायंकाळी अस्वस्थता वाढते, म्हणून सकाळची वेळ बरी. पायांत सैल चपला नसाव्यात, मागून बंद असलेली पादत्राणे असावीत. तोंडी सूचनांची यादी देण्यापेक्षा समोर उभे राहून स्वतः ती क्रिया करून दाखवावी. आधाराजवळ ठेवलेल्या भक्कम खुर्चीतून उठणे व पुन्हा बसणे, हे जमेल तितक्या वेळा करणे हाच मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे. बाहेर फिरताना सोबत कोणीतरी असावे आणि रुग्णाच्या खिशात नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. रात्री संडासाच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. एखाद्या दिवशी रुग्णाने नकार दिला, तर हट्ट न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

आपल्या घरांतील एका चांगल्या सवयीबद्दलही सावध करावेसे वाटते. आई वृद्ध झाली की आपण प्रेमाने म्हणतो, ‘आई, आता तू काही करू नकोस, नुसती बसून राहा.’ तिच्या हातची भाजी निवडण्याची परात जाते, देवपूजेची फुले वेचणे जाते, दुकानापर्यंतची फेरी जाते. यात मायाच असते. परंतु हालचालींबरोबर तिचा उत्साह आणि तिची घरातील जागाही हळूहळू जाते. काम उशिरा झाले, थोडे सांडले, पुन्हा करावे लागले तरी चालेल. झेपेल ते काम तिच्या हातात राहू द्यावे. आणि ‘मी कोण, ओळख पाहू?’ अशी परीक्षा तिची रोज घेऊ नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. रुग्णासोबत चालताना आपलेही चालणे होते, ही गोष्ट लहान नाही. वर्षानुवर्षे एकाच खोलीत अडकून पडलेल्या जोडीदाराचा रक्तदाब व मनःस्थिती यांची काळजी घेणे हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग मानावा. नियोजित सेवेत फिजिओथेरपिस्टने प्रत्येक भेटीत काही मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवावीत, अशी सूचना मी केली आहे.

सदर देणगीदार कुटुंबाशी याविषयी मोकळेपणाने बोलणे झाले असून, अंतिम निर्णय त्यांचा व मंडळाचा आहे. तो कोणताही झाला तरी प्रशासन त्याची निष्ठेने अंमलबजावणी करील. इतकीच प्रार्थना आहे, की आपल्या दानाचे मोजमाप दालनाच्या क्षेत्रफळावरून न होता, एखादे आजोबा आणखी किती दिवस स्वतःच्या पायांनी अंगणापर्यंत गेले यावरून व्हावे. त्या आजोबांना आपले नाव कदाचित सांगता येणार नाही. ते आपण अहवालात नोंदवून ठेवू.